तेरचे अजायबघर

मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लीम घरांत हैदराबादची एक फेरी ठरलेली असते. लग्नाला गेलेले असोत की दवाखान्याला, एक दिवस काढून चारमिनार, मक्का मशीद आणि सालारजंग म्युझियम पाहिल्याशिवाय कोणी परतत नाही. म्युझियममधल्या घड्याळासमोर तास भरायच्या आधीच गर्दी जमते. आतून एक लहानसा दाढीवाला बाहेर येतो, टोले देतो आणि पोरे टाळ्या वाजवतात. मग पुढच्या दालनात ती संगमरवरी रिबेका. इटलीच्या बेंझोनी नावाच्या शिल्पकाराने घडवलेली. तोंडावरचा पडदा दगडाचा आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. आमच्या आयाबाया तिच्यासमोर थबकतात, "या अल्लाह, पत्थर है के कपड़ा?" म्हणतात आणि पुढे सरकतात. आपण एका बुतापुढे उभ्या आहोत असे त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही. कारीगराच्या हाताची तारीफ होते, बस्स.

हे सगळे पाहायला आपण तीनशे किलोमीटर जातो. धाराशिवपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचे तेर मात्र राहून जाते. आम्ही आठवीच्या वर्गात विचारले, तेरचे वस्तुसंग्रहालय कोणी पाहिले आहे? एकही हात वर झाला नाही. दोघी म्हणाल्या, गावातून गेलो आहोत, मावशीकडे जाताना.

म्हणून नोव्हेंबरातल्या जागतिक वारसा सप्ताहात मुलींना तेरला न्यायचे ठरले. हा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबर असतो. ऊन उतरलेले असते आणि परीक्षाही दूर असतात. पालकसभेत विषय काढला आणि आम्हाला वाटले होते तोच प्रश्न आला. "बाजी, उधर पुतलेच पुतले हैं बोलते. बच्चियाँ क्या करेंगे जाको?" विचारणाऱ्या खालांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मागच्या बाकावरून एका वडिलांनी दुसरा प्रश्न विचारला, तो आम्हाला जास्त लागला. "ते ठीक आहे सर, पण त्यात आपलं काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे होते. पाहणे वेगळे आणि पूजणे वेगळे. जमिनीवर फिरा आणि आधीच्या कौमांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन शरीफ आपल्याला पुन्हा पुन्हा सांगते. जे पाहायचे ते आधीच्या लोकांनी मागे ठेवलेलेच असणार. त्यांच्या भांड्याकुंड्यांबरोबर त्यांची श्रद्धाही तिथे दिसणार. अल-बेरुनी हजार वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा संस्कृत शिकला, पंडितांपुढे बसला आणि इथल्या लोकांच्या श्रद्धा त्याने नीट समजून लिहून ठेवल्या. त्याचा ईमान त्यामुळे कमी झाला नाही. हे बोलून झाल्यावर आम्ही म्हटले, शंका असेल त्या आयांनी सोबतच यावे, बसमध्ये जागा आहे. अकरा जणी आल्या. सहलीची खरी गंमत त्यांच्यामुळे झाली.

दुसऱ्या प्रश्नाला सभेत उत्तर दिले नाही. तो आम्ही बसमध्ये सोबत घेतला.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. ही तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. गावात शिरताना खास काही वाटत नाही. एसटीचा थांबा, चहाची टपरी, कडब्याच्या गंजी. पण या गावाचे जुने नाव तगर. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक वही लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. येमेनचे बंदर, अरबस्तानातला लोबानाचा किनारा असे करत करत ती भडोचला पोचते आणि तिथून आत दख्खनकडे वळते. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर, असे तिच्यात नोंदलेले आहे. तगरहून भडोचला काय जायचे? कापड. जाडेभरडे कापड पुष्कळ आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून हा माल जायचा.

हे तगर नेमके कोणते, यावर युरोपातले विद्वान बराच काळ वाद घालत होते. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने ते तेरच असल्याचे मांडले. लगेच पुढच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने इथे येऊन पाहणी केली. आमच्या जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद आहे आणि नव्या पाट्यांवर धाराशिव. तेरला हा अनुभव आपल्या कितीतरी आधी येऊन गेला आहे.

संग्रहालयाचे पूर्ण नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे हे याच गावचे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की माती वाहते आणि मणी, नाणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे वर येतात. गावोगावी असे होते आणि लोक ते लाथेने बाजूला सारतात. लामतुरेंनी ते उचलले, जपले आणि आयुष्यभर जमवत राहिले. ना पदवी, ना सरकारी हुद्दा. त्यांच्या संग्रहाची कीर्ती इतकी झाली की लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या डग्लस बॅरेटने १९६० साली 'तेर' नावाचे पुस्तकच लिहिले. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्याचे संग्रहालय झाले. सालारजंगही एका माणसाच्या छंदातूनच उभे राहिले. पण तो नवाब होता, जगभरातून विकत घेऊ शकत होता. इथे सगळे गावच्या चिखलातून आले आहे. आम्हाला विचाराल तर दोन्हींत हे मोठे.

मुलींना आम्ही एक काम दिले होते. एक वस्तू निवडायची, तिच्यासमोर किमान दहा मिनिटे थांबायचे, वहीत तिचे चित्र काढायचे आणि खाली मराठी आणि उर्दूत पाटी लिहायची. नाही तर सहलीत काय होते आपल्याला ठाऊक आहे. रांग आत जाते, रांग बाहेर येते. या कामामुळे रांग मोडली आणि शब्दांची शोधाशोध सुरू झाली. मृण्मय म्हणजे? मिट्टी का. हस्तिदंत? हाथी दाँत. साचा तर दोन्हीकडे साचाच. पुरातत्त्वाला उर्दूत आसारे-क़दीमा म्हणतात हे एकीने सांगितले, आणि वस्तुसंग्रहालयाला अजायबघर. वस्तूंचा संग्रह आणि अचंब्याचे घर. एकाच जागेची दोन नावे. मुलींनी दुसरे पसंत केले.

पहिली गर्दी मण्यांपाशी झाली. तांबूस पारदर्शक मणी पाहताच एक आजी म्हणाल्या, "हे तो अक़ीक़ है!" अगदी बरोबर. त्यांच्या स्वतःच्या बोटात अकीकची अंगठी होती. इतका कठीण दगड, त्याला आरपार भोक पाडायचे आणि तेही धाग्याएवढे, विजेशिवाय. आजींनी अंगठी काचेजवळ धरली आणि रंग जुळवून पाहिला. त्या मघाशी बसमध्ये म्हणत होत्या, मी बाहेरच बसेन.

शंखाच्या बांगड्यांच्या तुकड्यांसमोर जे झाले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. आमच्या एका विद्यार्थिनीची आई मणियार घरातली, बांगड्यांचा धंदा पिढीजात. तुकड्यांच्या गोलाईवरून त्या झटकन मापे सांगू लागल्या. "ये दो-चार की होएंगी. ये देखो, ये तो छोटी बच्ची की." मुली त्यांच्याभोवती गोळा झाल्या. बांगडीचे माप मनगटावरून ठरत नाही, हाताच्या गाठींवरून ठरते. मूठ आवळून अंगठा आत घेतला की जो घेर उरतो तो खरा, हे त्यांनी एकीचा हात धरून दाखवले. मग त्यांनीच विचारले, इथे समुद्र कुठे आहे, शंख आला कुठून? नेमका हाच प्रश्न आम्हाला हवा होता. समुद्रकिनाऱ्याच्या मुलखातून आलेला मालही तगरला जमा होई, असे त्या ग्रीक वहीतच आहे. शंख बाहेरून यायचा, इथल्या हातांनी त्याच्या बांगड्या व्हायच्या. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर आणि या बाई यांच्यात धर्माचे, भाषेचे, सगळेच अंतर आहे. पण ते दोघे एकमेकांचे काम एका नजरेत ओळखतील.

मातीच्या मूर्तींविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तेरची खरी श्रीमंती तिथे आहे. यातल्या काही केओलिन नावाच्या पांढऱ्या, मऊ मातीच्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे, आतून पोकळ. त्यामुळे वजनाला हलक्या आणि भाजताना तडकत नाहीत. बोटाएवढ्या चेहऱ्यावर केसांची रचना, कानातले, ओठांचा कोपरा, सगळे स्पष्ट. प्रत्येक मूर्ती देवाची नाही. बायका आहेत, पुरुष आहेत, काही नुसते चेहरे. एका मुलीने निवडलेल्या चेहऱ्याखाली लिहिले, "ही बाई हसणार आहे, पण अजून हसली नाही." दहा मिनिटे थांबल्याशिवाय असे वाक्य सुचत नाही.

मातीचीच आणखी एक गंमत म्हणजे रोमन नाण्यांच्या नकला. रोमचे खरे सोन्याचे नाणे महाग, म्हणून त्याचा ठसा मातीत उठवायचा आणि ते पदकासारखे गळ्यात घालायचे. दूरच्या बादशहाचा चेहरा, आपल्या गावची माती. मुलींना एका शब्दात समजले: इमिटेशन! एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांची दुकाने आज आपल्या बाजारात आहेत, तशी तगरच्या बाजारातही गिऱ्हाइके असणार.

तेरच्या वस्तूंमध्ये जगात सर्वांत गाजलेली म्हणजे हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती. १९३८ साली इटलीत पाँपेई शहराच्या उत्खननात अशीच एक मूर्ती सापडली, सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वत फुटला आणि ते शहर राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधीच ही हिंदुस्थानी कारागिरी तिथल्या कोणाच्या तरी घरात पोचली होती. तिच्या जवळची बहीण शोभावी अशी मूर्ती आपल्या तेरला मिळाली, तिसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. जुन्या काळच्या अशा मूर्तीत अंग झाकलेले नसते, त्यामुळे काही आया जरा संकोचल्या. आम्ही त्यांना आग्रह केला नाही. ज्यांना पाहायचे त्यांनी दागिन्यांचे काम पाहिले, ज्यांना नको त्या पुढे गेल्या. संग्रहालयात प्रत्येक वस्तूपुढे थांबलेच पाहिजे असा काही फर्ज नाही.

विटांची गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकली. तेरच्या जुन्या मंदिरांच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. कझिन्सलाही त्याचे नवल वाटले होते. मातीत भाताचा तूस मिसळलेला. भट्टीत तूस जळून जातो आणि वीट आतून पावासारखी सच्छिद्र होते. घनतेचा धडा आम्ही फळ्यावर किती वर्षे शिकवतो आहोत, पण तरंगणाऱ्या विटेसारखे उदाहरण पुस्तकात नाही. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही पाहण्यासारखी. लाकूड वाळवीच्या तोंडचा घास. ते शेकडो वर्षे टिकून आपल्यापर्यंत आले, याचेच आश्चर्य जास्त.

तिथून बाहेर पडलो तेव्हा जोहरची वेळ झाली होती. नमाज झाली, झाडाखाली दस्तरखान अंथरला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोणाच्या डब्यात खिचडी आणि खट्टा. जेवणानंतर गावातले त्रिविक्रम मंदिर बाहेरून पाहिले. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. मुळात हे बौद्धांचे चैत्य असावे आणि नंतर विष्णूचे मंदिर झाले, असे अभ्यासक मानतात. वरून विटांचे, आतून शतकांचे. नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी. संतांच्या मेळाव्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा मुलींना मराठीच्या तासामुळे पाठ होती. संग्रहालयात सकाळी इतकी माती पाहिल्यावर कुंभाराचा हा विनोद त्यांना जास्त कळला. तेरमध्ये माती घडवणाऱ्यांची साखळी कधी तुटलीच नसावी.

आता त्या वडिलांचा प्रश्न. त्यात आपले काय आहे?

एक उत्तर नावाचे आहे आणि ते मुलींना आम्ही परतीच्या बसमध्ये सांगितले. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते काढले आणि त्याचे पहिले प्रमुख गुलाम यझदानी. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी हे काम केले. अजिंठ्याची चित्रे ढासळत होती, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत इटलीहून जाणकार आणून ती सावरली गेली. अजिंठ्यावरचे त्यांचे चार भागांतले मोठे ग्रंथ आजही संदर्भाला घेतात. बिदरच्या मशिदी-मकबऱ्यांवर त्यांनी जितक्या जिव्हाळ्याने लिहिले तितक्याच जिव्हाळ्याने बौद्ध चित्रांवर. कोंडापूरला त्यांनीच उत्खनन करवले आणि तिथेही तेरसारख्या केओलिनच्या मूर्ती निघाल्या. पाचवेळचा नमाजी माणूस असे काम करू शकतो का, या शंकेचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे.

तरीही हे उत्तर अर्धेच आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या माणसाचे नाव सापडले तरच जागा आपली, हा हिशेब बरा नव्हे. तो धरला तर लामतुरेंच्या संग्रहात लामतुरेंचे तरी काय होते? सातवाहन काही त्यांचे भाऊबंद नव्हते. त्यांनी आपल्या पायाखालची माती ओळखली, एवढाच त्यांचा हक्क. मणियार बाईंनी काचेबाहेरून बांगडीचे माप सांगितले तेव्हा त्यांनीही तोच हक्क सांगितला, कोणाची परवानगी न मागता. आपल्या पोरांना कोणी तरी कधी तरी विचारणारच आहे, तुम्ही इथले का? त्या वेळी घोषणा देण्यापेक्षा, दोन हजार वर्षांपूर्वी या तेरणेकाठी कोणते कापड निघायचे आणि ते कुठे जायचे हे त्यांना माहीत असलेले बरे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. बहुतेक शासकीय संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा चौकशी करून निघावे. शाळेची सहल असेल तर आधी पत्र द्यावे. प्रार्थनेच्या जागी जाताना तिथल्या लोकांची रीत सांभाळावी. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्यावी आणि मोबाईल मोठ्यांनी आपल्या पिशवीत ठेवावेत. मोठ्यांचेही.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या दोन खोल्यांत मुलींनी स्वतःचे अजायबघर मांडले. अट एकच: वस्तू घरातली हवी आणि पाटी दोन भाषांत. कल्हई गेलेले पानदान आले, वजूचा तांब्याचा बधना आला, चारमिनार असलेला निजामाचा हाली रुपया आला. कोणाच्या पणजोबांचा उर्दूतला शाळेचा दाखला आला. पणतीने तो अडखळत वाचला आणि त्याखाली मराठीत लिहिला. मागच्या बाकावरचे ते वडील आले होते. बोलले काही नाहीत, पण दाखल्यासमोर बराच वेळ होते.

मणियार बाईंनी बांगड्यांचे माप घ्यायची लाकडी काठी आणली होती, सासूबाईंच्या सासूच्या काळची, वापरून गुळगुळीत झालेली. त्यांच्या लेकीने पाटी लिहायला घेतली. वस्तू, साहित्य, कोणाची, हे रकाने भरले आणि 'काळ' या रकान्यापाशी ती अडली. थोडा विचार करून तिने लिहिले, "अजून वापरात आहे." दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून काठी त्याच संध्याकाळी घरी गेली.